एका केसपेपरवरच्या दोघी

दवाखान्यात एकतीस वर्षं काढली म्हटलं, की समोरचा माणूस लगेच बाही वर सारतो आणि म्हणतो, "जरा बीपी बघता का?" मी सांगते, बाबांनो, मी आयुष्यात कुणाला सुईसुद्धा टोचलेली नाही. मी रेकॉर्डला होते. म्हणजे तळमजल्यावर, औषधाच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे पेशंट येत नाहीत, त्यांचे कागद येतात. हे ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो आणि बाही खाली येते.

आमचं रुग्णालय महामार्गापासून थोडं आत आहे. त्याचं नाव देत नाही. माणसांचीही नावं बदलली आहेत, आणि या हकिकतीत नाव बदलणं म्हणजे काय, ते पुढे कळेलच. वराळ्यापासून भुशीपर्यंतची माणसं आमच्याकडे यायची आणि त्यातल्या प्रत्येकाला आम्ही एक नंबर द्यायचो. एक माणूस, एक नंबर, एक फाईल. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस केसपेपर घरी विसरून येतो, खिडकीवरची मुलगी गर्दीला वैतागून नवा काढून देते, पुढच्या खेपेला तिसरा निघतो. कुसगावचे एक आबा दर वेळी वेगळं वय सांगायचे. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "बाय, वय काय एका जागी ऱ्हातंय व्हय?" दुसरे एक गृहस्थ मूळव्याधीसाठी यायचे आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दर खेपेला नवं गाव लिहायला सांगायचे. त्यांची सहा गावांतली सहा बिऱ्हाडं मी एका फायलीत आणली.

एकाच माणसाच्या दोन फायली हुडकून एकत्र बांधण्याला आमच्या खोलीत 'लग्न लावणं' म्हणत. मी त्यात तरबेज होते. अक्षर, सही, शाईचा रंग, यावरून मी माणूस ओळखायचे. याचा मला गर्व होता, आणि तो इथे लपवत नाही, कारण पुढचं सगळं त्या गर्वाचंच आहे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा पुण्याहून ऋचा नावाची एक संशोधक डॉक्टर आमच्याकडे आली. तिशीची, चष्मा सतत डोक्यावर. कॅन्सरचे पेशंट उपचार सुरू तर करतात, पण पुरे किती जण करतात आणि मधेच सोडणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे तिला शोधायचं होतं. मला वाटलं, आता ही घरोघरी जाऊन प्रश्न विचारणार. ती म्हणाली, "नाही ताई, माणसांना काही विचारायचं नाही. तुमचे कागद सगळं सांगतात."

तिचं म्हणणं मला पहिल्या दिवशी कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं आणि पटलंही. रुग्णालयात माणूस आला की काही ना काही कागद उमटतो. केमोचं औषध दुकानातून निघालं की चिठ्ठी होते, खाट दिली की नोंद होते, रक्त तपासलं की पावती होते. हे कागद कुणी संशोधनासाठी करत नाही, कामकाजासाठी करतं. पण ते तारखेने लावले की माणसाचा सगळा प्रवास दिसतो. सहा डोस ठरले आणि औषधाच्या चिठ्ठ्या दोनच निघाल्या, म्हणजे चार राहिले. चार वर्षांनी तोच नंबर कुत्रा चावला म्हणून इंजेक्शन घेऊन गेला, म्हणजे माणूस जिवंत आहे. न विचारता सगळं कळतं.

पण त्यासाठी एका माणसाचा नंबर एकच हवा. म्हणजे लग्नं लावायला मी हवी. ऋचाकडे नावं जायची नाहीत, फक्त आकडे जायचे. नावं माझ्या खोलीत राहायची, आणि यादीतल्या पेशंटला जाऊन भेटायचं नाही, असा कडक नियम होता. जुन्या फायलींवर आधार वगैरे काही नव्हतं, म्हणून मी माझा एक नियम बसवला. पहिलं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव आणि गाव जुळलं, आणि वयात पाच वर्षांच्या आत फरक असला, की माणूस एकच. ऋचाने तो नियम कागदावर उतरवून घेतला आणि पुण्याच्या बैठकीत वाचून दाखवला. मी त्या दिवशी घरी शिरा केला.

तिने मला फक्त तिच्या यादीपुरतं जोडायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जोडायचंच तर नीट जोडू. रुग्णालयाच्या खऱ्या फायलीसुद्धा मी एकत्र बांधल्या आणि कॉम्प्युटरवर दोन नंबरांचा एक केला. मला कुणी सांगितलं नव्हतं. काम जास्त केलं, एवढाच माझा गुन्हा, असं मी तेव्हा म्हटलं असतं.

त्या यादीत एक सुरेखा होती. सुरेखा दत्तू अमुक, राहणार भुशीच्या वरच्या अंगाची वाडी. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मानेला गाठी आल्या. तुकडा काढून तपासला, तर लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. सहा केमो ठरले. दोन घेतले आणि ती यायची थांबली. ऋचाच्या भाषेत 'उपचार सोडलेली'. अशा बाईचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुरेखाचे कागद पुढे चालूच राहिले. तीन वर्षांनी बाळंतपण, मुलगी झाली. मग मुलीच्या लसी. मग विळ्याने कापलेल्या बोटाला टाके. दोन डोसांवर बाई ठणठणीत! ऋचा मला फोन करून ओरडली, "ताई, हा आकडा बरोबर आहे ना? नक्की?" मी दुखावले. म्हटलं, "मी स्वतः जोडलाय." मग ती सुरेखा, म्हणजे तिचा आकडा, पुण्यातल्या भाषणात गेला, मोठे डॉक्टर थक्क झाले आणि मला ती बाई आपल्या घरातली वाटायला लागली. कधी चेहरा पाहिला नव्हता, तरी.

एका गुरुवारी सकाळी भरतीची यादी माझ्या टेबलावर आली आणि त्यात सुरेखाचं नाव दिसलं. मानेला गाठी, ताप, वजन उतरलेलं. शेजारी लिहिलं होतं, जुना लिम्फोमा उलटला. पहिला केमो शुक्रवारी सकाळी. नऊ वर्षं तग धरलेली माझी बाई, आणि आता पुन्हा तेच!

नियम मोडून मी वरच्या मजल्यावर गेले. हात हलवत कसं जायचं म्हणून डब्यातली दोन थालीपीठं घेतली. खिडकीजवळच्या खाटेवर एक सडपातळ बाई बसली होती, गळ्याभोवती रुमाल, केसांची मनगटाएवढी वेणी. शेजारी तिची सासू बसली होती. मी सांगितलं की मी इथलीच, कागदांच्या खोलीतली. मग धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "घाबरू नकोस गं. मागच्या वेळीपण केस गेले असतील, पण बघ किती छान आलेत परत."

तिने वेणीला हात लावला. "माजं केस कवा गेलतं?"

"अगं, मागच्या केमोच्या वेळी. नऊ वर्षांपूर्वी."

ती अगदी साधेपणाने, एखाद्या परक्या बाईला पत्ता सांगावा तसं म्हणाली, "ती मी न्हवं, मावशी. ती आदीची."

"आधीची म्हणजे?"

"ह्यांची आदीची बायकू. ती वारली. मी तिच्या मागून आली."

"पण तुझं नाव सुरेखा ना?"

"व्हय. तिचं बी सुरेखाच व्हतं. लग्नात माजं नाव त्येच ठिवलं."

माझ्या हातातलं थालीपीठ कागदासकट खाली पडलं. ते उचलायला मी वाकले आणि मला काही केल्या सरळ होता येईना. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळात बोटाने लिहितात, सगळी हसतात. माझंही बदललं होतं. माहेरची शालन मी सासरी वैशाली झाले. सर्व्हिस बुकात शालन आणि दारावर वैशाली. आणि हीच बाई नियम करते, की नाव जुळलं म्हणजे माणूस एकच! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सासूने खुलासा केला. तिच्या बोलण्यात चोरी नव्हती, उलट आपण शहाणपणाने केलं असा सूर होता. "आवं बाई, पोरगं दीड वरसाचं व्हतं. त्येच्या दाखल्यावर आईचं नाव सुरेखा. रेशनकारडावर सुरेखा. नवीनीचं नाव दुसरं ठिवलं आस्तं तर पोराला सावत्र आई झाली आस्ती. नाव त्येच ठिवलं, तर पोराला आई त्येच ऱ्हायली. कागद बी बदलाया नगं."

"आणि पहिलीच्या मृत्यूची नोंद?"

"घरात मेली. सांगाया कुटं जायाचं?"

तेवढ्यात दत्तू आला, पिशवीत बिस्किटाचे पुडे घेऊन. भुशी धरणाच्या वाटेवर त्याची भज्यांची गाडी असते. केमोच्या संमतीच्या कागदावर त्याचीच सही होती. मी त्याच्यावर अक्षरशः ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. "अहो, डॉक्टर जुना आजार म्हणत होते! जुना आजार हिचा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं! सही कशी केलीत?"

त्याने पिशवी खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं, नावाबरूबर आला आसंल."

मी इतकी वर्षं लोकांची उत्तरं ऐकली, वेडी, लबाड, रडवी. असं उत्तर ऐकलं नव्हतं. त्या माणसाने एक बायको त्या आजारात गमावली होती. दुसरीला तेच नाव दिलं, तिच्या मानेला तसल्याच गाठी आल्या, आणि डॉक्टरांसारखी शिकलेली माणसं म्हणाली की हा जुनाच आहे. त्याने मान खाली घातली आणि सही केली. त्याच्या मनात ते नऊ वर्षं असणार. माझ्या नियमाने त्याची भीती खरी करून दाखवली होती.

मी जिना उतरून कॅन्सरच्या डॉक्टरांकडे धावले. ते ओपीडीत होते, मी रांग मोडून घुसले. त्यांना आधी कळेचना. "बाई, बायॉप्सीचा रिपोर्ट फायलीत आहे. मी स्वतः वाचलाय." मी म्हटलं, "तो दुसऱ्या बाईच्या मानेचा आहे, डॉक्टर. ती मेलीय." त्यांनी फाईल मागवली. ज्युनिअर डॉक्टरने भरतीच्या कागदावर 'उलटला' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढच्या कागदावर उतरवताना ते गळलं, आणि औषधाच्या चिठ्ठीवर नुसतंच 'उलटला' उरलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. न विचारता मी पेशंटच्या स्टुलावर बसले.

त्याच दुपारी केमो थांबवला आणि गाठीत सुई घालून तपासणी केली. टीबी निघाला. सहा-आठ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा टीबी. त्यावर केमो दिला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "विचारू नका."

ऋचाला फोन केला. तिचा पहिला प्रश्न आला, "ताई, बाकीच्या?" पुढचे चार महिने आम्ही दोघी मी लावलेलं एकेक लग्न मोडून तपासत बसलो. पुरुषांच्या फायलींत एकही चूक निघाली नाही. पुरुषाचं नाव बारशापासून सरणापर्यंत एकच असतं. चुका निघाल्या त्या सगळ्या बायकांच्या. एक तर उलटीच होती. सासरच्या नावावर पहिले डोस घेतले, मग माहेरी जाऊन माहेरच्या नावावर उरलेले पुरे केले. आम्ही तिला 'उपचार सोडलेली' म्हणून मोजलं होतं आणि तिच्या चिकाटीची नोंद तिच्या माहेरच्या नावाच्या दुसऱ्याच बाईच्या खात्यात गेली होती. ऋचाने ते भाषण मागे घेतलं, चूक लिहून कळवली. त्यात माझं नाव घातलं नाही. मी म्हटलं, घाल. तिने घातलं नाही, याचा मला आजही राग आहे.

रुग्णालयाने मला लेखी ताकीद दिली. ती योग्यच होती. कागदांवर मी अजूनही विश्वास ठेवते, नाही तर इतकी वर्षं कशात घालवली म्हणायचं? पण माणसाला न विचारता कागदावरून सगळं कळतं, हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि तीच मला झोपू देत नाही.

शनिवारी खाटेवरच्या त्या बाईला घरी सोडणार होते. त्याआधी दोन फायली वेगळ्या करायच्या होत्या, म्हणून मी तिला आणि सासूला खाली माझ्या खोलीत बोलावलं. समजावून सांगितलं, की हिच्या स्वतःच्या नावाने नवा नंबर काढते. नाही तर उद्या दुसरा कुणी डॉक्टर तीच जुनी फाईल उघडेल आणि पुन्हा तेच होईल. जुन्या फायलीवर पहिली वारल्याची नोंद करते. बाळंतपणाची नोंद हिच्याकडे येईल, मग मुलीच्या दाखल्यावर आईचं नाव दुरुस्त करून घेता येईल.

"आन् पोराचं?" सासूने विचारलं.

"मुलाची आई पहिलीच राहील. तीच आहे ना."

म्हातारीने हात जोडले. माझ्यासमोर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बाईने. "नगा लिवू, बाई. पोराला म्हाईत न्हाई. धा वरसाचा झालाय, आजून हिच्याच कुशीत निजतो. उद्या दाखल्यावर येगळी आई वाचली तर काय म्हनंल? ऱ्हाऊ द्या की ती कागदावर जिती. कुनाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय! शुक्रवारी सकाळी कुणाचं काय जाणार होतं, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मुलाचंही खरंच होतं. मी पेन हातात धरून बसले. माझ्याकडे त्याला नियम नव्हता. मी सुनेकडे बघितलं.

ती मांडीवरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती. "पोराला मी सांगीन," ती म्हणाली. "आज न्हाई. पर मीच सांगीन. तुमी लिवा, मावशी."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मी जुनी फाईल उघडली. मृत्यूच्या नोंदीला तारीख लागते. सासूला आठवेना, "भाताची रोपं टाकल्याली" एवढंच म्हणाली. दत्तूला बाहेरून बोलावलं, त्यालाही सांगता येईना. आणि सुनेने खाली मान घालून सांगितली. साल, महिना, तिथी, वार.

"तुला कसं माहीत? तू तर तेव्हा त्या घरातही नव्हतीस."

"दर साली त्या दिसाला मी तिच्या नावानं उपास धरते. तिची आई येती त्या दिशी, पोराला लांबून बघून जाती. पोराला वाटतं, आईचा देवाचा उपास हाय."

मी लिहीत होते, पण अक्षरं नीट दिसत नव्हती. तारीख लिहिली. नावाच्या रकान्यात 'सुरेखा' लिहिलं, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तिचं माहेरचं बी लिवा. तिची आई तिला चंद्रा म्हनती. चंद्रकला."

मी लिहिलं. मग नवा केसपेपर पुढे ओढला आणि तिचं स्वतःचं नाव विचारलं. मंगल, ती म्हणाली, आणि ते नाव तिच्या तोंडून इतकं हळू आलं की मला दोनदा विचारावं लागलं.

"मग सुरेखा कोण गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मंगलने सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुनीच न्हाई, मावशी. त्या घरातलं नाव हाय त्ये. ती बी न्हवती, आन् मी बी न्हाई."